‘विचारपूस’ नावाची होडी

वैद्यकीय व्यवसायात तीस-पस्तीस वर्षे काढल्यानंतर माणसाला कशाची ना कशाची ओढ लागते. कोणाला बागेची, कोणाला संगीताची, तर कोणाला उशिरा का होईना, भगवद्गीतेची. मला होडीची ओढ लागली. होडी विकत घेण्याची नव्हे, तर स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या घरी होडी बांधण्याची. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘यंदा व्यवसायाबाहेरचे काहीतरी लिहा’ असा आग्रह केला, तेव्हा हाच विषय डोळ्यांपुढे आला. परंतु लिहावयास बसल्यावर ध्यानात आले की, व्यवसायाबाहेरचे म्हणून मी जे करावयास गेलो, त्याने मला फिरवून पुन्हा व्यवसायाच्याच दारात आणून उभे केले होते. ती हकिगत आपणा सर्व व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहे.

मांडवीच्या काठी

रायबंदरला मांडवीच्या काठी माझे घर आणि घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना. समोर चोडण आणि दिवाडी ही बेटे. फेरीबोटींची ये-जा पाहत आणि भरती-ओहोटीचे पाणी न्याहाळत माझी सारी प्रॅक्टिस झाली. माझे निम्मे रुग्ण पाणी ओलांडून येत. एवढे आयुष्य नदीकाठी घालवून मी स्वतः मात्र कधी वल्हे हाती धरले नव्हते.

याच दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कार्यशाळेत भारतीय नौदलासाठी ‘म्हादई’ ही ५६ फुटी शिडाची नौका बांधली गेली. म्हादई हे मांडवीचेच दुसरे नाव. २००९च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून २०१०च्या मे महिन्यात ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. त्या वेळी वर्तमानपत्रांत मी वाचले की, या नौकेचे अंग म्हणजे आत लाकडाचा गाभा आणि बाहेरून काचतंतू व राळ यांचे कवच. लाकूड आणि फायबरग्लास यांचा हा संसार इतका टिकाऊ होतो, याचे मला मोठे नवल वाटले. ते बीज मनात पडले आणि दहा-बारा वर्षांनी, चिरंजीवांनी दवाखान्याचा निम्मा भार उचलल्यावर, त्याला अंकुर फुटला.

टाके घालून होडी

घरी होडी बांधणाऱ्या हौशी मंडळींत जी पद्धत सर्वाधिक रूढ आहे, ती ऐकल्यावर कोणत्याही डॉक्टरच्या चेहऱ्यावर हसू येईल. या पद्धतीत होडीला चक्क टाके घालतात. प्लायवुडचे तक्ते आराखड्याप्रमाणे कापावयाचे, त्यांच्या कडांना ठरावीक अंतरावर बारीक छिद्रे पाडावयाची आणि तांब्याच्या तारेने दोन कडा एकमेकींशी शिवावयाच्या. सपाट फळ्या तारा आवळल्या की आपोआप वळतात आणि होडीचा आकार धरतात. मग सांध्यांत आतून राळेचा लेप भरावयाचा, तो घट्ट झाला की टाके काढून टाकावयाचे आणि बाहेरून काचतंतूंचे कापड राळेत भिजवून लपेटावयाचे. जखम शिवणे, ती भरून आल्यावर टाके काढणे आणि वर प्लास्टर चढविणे, हाच क्रम. हल्ली अस्थिभंगावर जे हलके प्लास्टर घालतात, त्यातही काचतंतूच असतात. राळ तेवढी निराळी.

ही पद्धत लोकप्रिय झाली ती इंग्लंडमध्ये. १९६३ साली ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पुढाकाराने ‘मिरर’ नावाची १० फूट १० इंच लांबीची शिडाची होडी लोकांपुढे आली. जॅक होल्ट हे नौकारचनाकार आणि बॅरी बकनेल हे घरगुती कारागिरीचे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम करणारे गृहस्थ, या दोघांची ती निर्मिती. ज्याच्या घरी करवत आणि पान्यापलीकडे काही नाही, अशा सामान्य माणसालाही ती बांधता यावी, हा हेतू. लाल शिडांच्या या होड्या जगभरात सत्तर हजारांहून अधिक झाल्या.

अर्थात, शिवलेली होडी आपल्या किनाऱ्याला नवी नाही. लोखंडी खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून गलबते बांधण्याची विद्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक शतके नांदत होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील नौकेवरून याच दिवाडी बेटावर असे एक शिवलेले जहाज अलीकडे बांधले गेले आणि २०२५च्या मे महिन्यात कारवारला नौदलाने त्याचे ‘कौंडिण्य’ असे नामकरण केले. माझी होडी पुरी होत असताना समोरच्या बेटावर हे काम सुरू होते, याचा मला उगाचच अभिमान वाटत असे.

गाडी बाहेर, होडी आत

२०२२च्या दिवाळीनंतर कामाला आरंभ केला. आराखडा १२ फुटी, दोन जोड वल्ह्यांचा आणि एका लहानशा शिडाचा. गाडी अंगणात उभी राहू लागली आणि तिच्या जागेत होडी आली. सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी बजावले, “दवाखान्यातल्या कात्र्या आणि चिमटे तिकडे गेलेले मला चालायचे नाहीत.” ते अर्थातच गेले.

प्लायवुड ‘आयएस ७१०’ या भारतीय मानकाचे, म्हणजे सागरी वापराचे घेतले. या प्रतीच्या प्लायवुडचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला, तरी त्याचे थर सुटता कामा नयेत, असा दंडक आहे. ६ मिलिमीटर जाडीचे चार तक्ते पुरले. तक्ता ८ फुटांचा आणि होडी १२ फुटांची, म्हणून दोन तक्ते जोडावे लागतात. त्यासाठी दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांबीपर्यंत तिरक्या तासून एकमेकींवर चिकटवितात. ६ मिलिमीटरला साधारण ४८ मिलिमीटरचा उतार. रंधा मारताना प्लायवुडच्या थरांच्या रेषा सरळ दिसल्या तर उतार बरोबर, वाकड्या दिसल्या तर हात चुकला. माझ्या रेषा पहिल्या खेपेस मांडवीच्या लाटांसारख्या दिसत होत्या. एक सुतार शेजारी आहेत. त्यांनी काही न बोलता रंध्याचे पाते काढून, धार लावून परत दिले. तेवढ्याने निम्मे काम सुधारले.

जानेवारीत टाके घातले. दर सहा इंचांवर एक. एका रविवारी सकाळी चार सपाट फळ्या जमिनीवर पडल्या होत्या आणि संध्याकाळी त्याच जागी नाळ उंचावलेली, पोट फुगलेले एक पात्र उभे होते. पहिल्या बाळंतपणानंतर जो आनंद होतो, त्याच जातीचा तो आनंद. त्या रात्री मी दोनदा उठून दिवा लावून पाहून आलो.

राळेचा स्वभाव

यानंतर इपॉक्सी राळेचे काम. या राळेचा जन्म आपल्या क्षेत्राच्या अगदी शेजारचा आहे. १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान हे रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी साहित्य शोधत होते, आणि त्या शोधातून ही राळ पुढे आली. पुढे तीच ‘अरल्डाइट’ होऊन घराघरांत पोहोचली.

राळ आणि तिचा कठीणक हे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात वजन करून मिसळावयाचे. ‘थोडे जास्त घातले तर लवकर घट्ट होईल’ हा हिशेब येथे चालत नाही. प्रमाण चुकले तर राळ कायमची चिकट राहते. मिसळताच उष्णता निर्माण होऊ लागते. हवामान दहा अंशांनी तापले की हाती असलेला वेळ साधारण निम्म्यावर येतो. मार्चमधील एका दुपारी मी उंच पेल्यात जवळजवळ ३०० ग्रॅम मिश्रण एकदम केले. दहा मिनिटांत पेला हाताला चटके देऊ लागला, धूर निघाला आणि आतला गोळा दगड झाला. हेच मिश्रण पसरट ताटात ओतले असते तर उष्णता निघून गेली असती. सांधे भरण्यासाठी राळेत लाकडाची बारीक भुकटी घालून ती श्रीखंडासारखी दाट करतात आणि चमच्याच्या पाठीने सांध्यात ओढतात. काचतंतूंचे कापड मात्र खरी जादू दाखविते. पांढरेशुभ्र कापड राळेने भिजले की पारदर्शक होते आणि खालच्या लाकडाची नक्षी लख्ख दिसू लागते. जेथे पांढरा ठिपका उरतो, तेथे हवा अडकली आहे असे समजावे.

आता माझ्या अपराधाकडे येतो. हातमोजे हे डॉक्टरच्या खिशातच असतात, या तोऱ्यात मी दवाखान्यातील पातळ लॅटेक्सचे मोजे वापरले. ते फाटत, तरी मी पुढे काम करीत असे. हाताला लागलेली राळ थिनरने पुसत असे. राळ पुरती पिकण्यापूर्वीच घासकाम सुरू केले आणि गरम होते म्हणून मास्क गळ्यात लोंबता ठेवला. माझ्या रुग्णांपैकी कोणी असे वागला असता, तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

पापण्यांची सूज

एप्रिलच्या मध्यास एके दिवशी सकाळी डोळे उघडेनात. दोन्ही पापण्या सुजलेल्या, मनगटांवर आणि बोटांच्या बेचक्यांत खाजरे पुरळ. मी स्वतःच निदान केले: काजूच्या मोहोराची ॲलर्जी. आठवडाभर गोळ्या घेतल्या. मधे एका लग्नासाठी तीन दिवस बेळगावला गेलो, तेथे सगळे शांत झाले. परत येऊन होडीला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. काचेच्या तंतूंनी खाज येतेच, अशी मी समजूत करून घेतली.

अखेर त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या वर्गमित्राकडे गेलो. त्याने पापण्यांकडे पाहिले, मनगटे पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “हल्ली रिकाम्या वेळात काय करतोस?”

पुढे पाठीवर पट्टी-चाचणी झाली. व्हॅसलिनमध्ये एक टक्का इपॉक्सी राळ, ४८ आणि ९६ तासांनी निरीक्षण. त्या ठिकाणी लाल, फोडांनी भरलेला चट्टा. काचतंतूंची खाज ही टोचण्याची असते. ती कोणालाही होते, आणि धुऊन टाकली, काही दिवस गेले की ओसरते. इपॉक्सीची गोष्ट निराळी. न पिकलेल्या राळेतील लहान रेणू त्वचेत शिरतो आणि शरीर त्याला कायमचे ओळखून ठेवते. आठवडे किंवा महिने काहीच होत नाही आणि एकदा संवेदनशीलता आली की ती बहुधा जन्मभर राहते. हवेतून आलेले कणही पुरतात, म्हणून पापण्या सुजतात. मित्र म्हणाला, “आता तू या राळेच्या जवळ जायचे नाहीस. होडी हा तुझा छंद आहे, म्हणून तुला हे सांगणे सोपे आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे ते पोट असते.”

हे वाक्य ऐकले आणि मला एक माणूस आठवला.

एक जुने कार्ड

माझ्याकडे रुग्णांची जुनी कार्डे अजून कपाटात आहेत. दोन रात्री शोधून ते कार्ड काढले. २००८ साल, चोडणचा तरुण, वय २४. पाच महिन्यांत सात वेळा आलेला. हातांवर व पापण्यांवर खाज, सूज. मी प्रत्येक वेळी बुरशीनाशक आणि स्टेरॉइड यांचे मिश्र मलम लिहून दिले होते. ‘व्यवसाय’ या रकान्यात माझ्याच अक्षरात एकच शब्द होता: मजुरी. आणि सहाव्या भेटीच्या नोंदीत, तेही माझ्याच अक्षरात, लिहिले होते: ‘चतुर्थीच्या सुटीत पूर्ण बरे होते.’

उत्तर माझ्या हातात होते. मी ते लिहूनही ठेवले होते. वाचले मात्र नव्हते.

सातव्या भेटीनंतर तो आला नव्हता. मी समजलो होतो की, बरा झाला असेल. आपण सारेच असे समजतो. जो रुग्ण पुन्हा येत नाही, तो आपल्या यशाच्या खात्यात जमा होतो.

पत्ता कार्डावर होता. पुढच्या रविवारी फेरीने चोडणला गेलो. आता चाळिशीजवळ पोहोचलेला तो गृहस्थ धक्क्यापासून थोड्या अंतरावर लहानसे किराणा दुकान चालवितो. त्याने मला ओळखले, खुर्ची दिली, सोडा फोडला. मी त्याला विचारले की, त्या वेळी तू नेमके काय काम करीत होतास. तो कारखान्यांतून फरशीवर राळेचा गुळगुळीत थर देणाऱ्या एका ठेकेदाराकडे होता. औषधांच्या कारखान्यांत तशा फरश्या असतात, धूळ बसत नाही म्हणून. दिवसाला कित्येक डबे राळ तो उघड्या हातांनी कालवीत असे. माझ्या मलमाने आठ दिवस बरे वाटे, तो पुन्हा कामावर जाई आणि पुन्हा सूज येई. शेवटी डोळे इतके सुजले की मुकादमाने ‘रोगट माणूस नको’ म्हणून काढून टाकले. दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला, तेथेही पंधरा दिवसांत तेच. त्या कामात रोजंदारी चांगली होती. बहिणीचे लग्न ठरले होते, ते एक वर्ष लांबले. मधे दोन वर्षे तो काहीच करीत नव्हता, कारण अंगात काहीतरी वाईट रोग आहे, अशी घरच्यांची आणि त्याचीही समजूत झाली होती.

मी म्हणालो, “मला तू कामाचे सांगितले का नाहीस?”

तो कोणताही राग न धरता, अगदी सहज म्हणाला, “तुमी विचारूंकच ना, दोतोर.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि सोड्याची बाटली पुसत राहिला. जाताना मी माझे मनगट पुढे केले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि निदान केले, “हें तेंच.” पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडून जे व्हायला हवे होते, ते त्याने एका मिनिटात केले.

होडी पुरी झाली

पावसाळ्यात काम बंदच होते. दमट हवेत राळेवर मेणासारखा थर धरतो आणि तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर नीट बसत नाही. मीही राळेला पारखा झालो होतो. होडी अर्धवट पालथी पडून होती. ऑक्टोबरमध्ये एके दिवशी तोच चोडणचा गृहस्थ फेरीने आला. “होडी दाखवा,” म्हणाला. त्याने दूरूनच तिच्याकडे पाहिले आणि कापड कोठे उचलले आहे, कोठे राळ उपाशी राहिली आहे, ते बोटाने दाखविले.

त्यानंतरचे काम असे झाले: माझा मुलगा आणि त्याचे दोन मित्र राळेचे काम करीत. हातांत जाड नायट्राइलचे मोजे, ते डागाळले की लगेच बदलावयाचे. अंगावर बाह्यांचा झगा. घासताना बाष्पाची व धुळीची गाळणी असलेला मास्क. त्वचेला राळ लागली तर थिनर नव्हे, साबण आणि पाणी. थिनर राळेला त्वचेच्या आत नेतो. आणि दहा-बारा पावलांवर, वारा आमच्या पाठीकडून होडीकडे वाहील अशा बेताने, दोन खुर्च्यांवर आम्ही दोघे बसत असू. तो सूचना देई. “ताटात ओता, पेल्यात नको.” “सकाळी करा, उन्हात नको.” माझ्या वाट्याला लाकूडकाम राहिले: सागवानी कड, बसण्याच्या फळ्या, वल्ही आणि डोलकाठी. ते मी निमूटपणे केले.

२०२४च्या फेब्रुवारीत, भरतीची वेळ पाहून होडी मांडवीत उतरविली. वजन ६२ किलो. चौघांनी सहज उचलली. नारळ त्यानेच वाढविला. नाव काय ठेवावे यावर घरात पुष्कळ चर्चा झाली होती. माझी सारी संस्कृत नावे बाजूला सारून सौभाग्यवती म्हणाल्या, “‘विचारपूस’ ठेवा. निदान होडीकडे पाहून तरी आठवण राहील.” तेच नाव नाळेवर रंगविले आहे. पहिल्या फेरीत त्याला त्याच्या घरी, चोडणला, वल्हवत पोहोचविले. मधल्या प्रवाहात माझी दमछाक झाली, तेव्हा दुसरे वल्हे त्याने घेतले.

अखेरीस

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारावयाचे जे प्रश्न हिपॉक्रेटिसने सांगितले, त्यांत आणखी एकाची भर घालावी, असे त्यांनी म्हटले: तुमचा व्यवसाय काय? आपण सर्वांनी हे विद्यार्थिदशेत वाचले आहे, परीक्षेत लिहिले आहे. मीही लिहिले होते. पण गर्दीच्या ओपीडीत ‘मजुरी’, ‘नोकरी’, ‘गृहिणी’ असा एक शब्द लिहून आपण तो रकाना भरतो आणि प्रश्न विचारल्याचे समाधान मानतो.

माझ्या केसपेपरवर आता तो रकाना राहिलेला नाही. त्या जागी तीन ओळी आहेत: हाताने नेमके काय करता? कशाला हात लागतो? सुटीत बरे वाटते का? या तीन ओळींना दोन मिनिटे जास्त लागतात. गेल्या दोन वर्षांत त्या दोन मिनिटांनी सिमेंट हाताळणारा एक गवंडी, केसांना रंग लावणारी एक मुलगी आणि घरी होडी नव्हे, पण राळेची शोभेची ताटे करणारी एक गृहिणी यांचे खरे कारण मला सापडले. तिघांनीही आधी दोन-तीन डॉक्टरांची मलमे वापरली होती. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी सात वेळा बसलेलो आहे.

कोणाला घरी होडी बांधावयाची असेल, तर अवश्य बांधावी. पाच-सहा महिन्यांचे रविवार, थोडी चिकाटी आणि चांगले हातमोजे एवढेच भांडवल लागते. आराखडा माझ्याकडे आहे, आणि सूचना देणारा जाणकार समोरच्या तीरावर आहे. मात्र येताना फेरीने या. त्याच्या दुकानातील सोडा चांगला असतो.